फेट्याखालचा शब्द

आंबरवाडीत सरकारला नावं ठेवायचा मक्ता कुशाबाकडे होता. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्याची उभी हयात गेली. तिथे लाल बावट्याची युनियन त्यानेच उभी केली, आणि निवृत्त झाल्यावर भांडायला मालक उरला नाही म्हणून त्याने सरकार धरलं. रोज सकाळी लीलाबाईच्या चहाच्या टपरीवर पेपर उघडायचा आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची. सध्याचं सरकार तर त्याला सणासारखं लाभलं होतं. तीन पक्षांची युती, तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि धर्म, संस्कृती, परंपरा म्हटलं की तिघांनाही एकदमच गहिवर येतो. "तीन तिगाडा, काम बिगाडा," असं म्हणून कुशाबा चष्मा पुसायचा. "कामगारांचं तास वाढवलं, डोंगरावरच्या शाळा बंद केल्या, आन वर म्हणत्यात सुराज्य आणलं."

घरात मात्र त्याची डाळ शिजत नसे. सरकारने बायकांच्या खात्यात महिन्याला पैसे टाकायला सुरुवात केली, तेव्हा ही मतांची लाच कशी आहे हे त्याने सगुणाबाईला समजावून सांगितलं. सगुणाबाई भाकरी थापत होती.

"अवो, लगीन झाल्यापास्नं तुमीच सांगत आलाय, बाईच्या घरकामाला दाम मिळाला पायजे म्हणून. तुमच्या युनियननं दिला व्हता का कवा? सरकारनं दिला की लगीच लाच?"

"अगं, त्यो दाम न्हाई, ती..."

"आन मागच्या दोन खोल्यांचं भाडं वाढवलंत औंदा, तवा शोषण कुटं गेलं व्हतं तुमचं?"

कुशाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सरकारपुढे न दबणारा माणूस, पण तव्यापुढे दबायचा.

तर असा हा कुशाबा. देवळात जात नसे, मुहूर्त मानत नसे, पोराच्या लग्नात सत्यनारायणाकडे पाठ करून बसला होता. पण एका गोष्टीसाठी गावातले देवभोळे लोकही त्याच्या दारात यायचे. त्याच्यासारखा फेटा मुळशी तालुक्यात कोणी बांधत नव्हतं. कापड अंगठ्याखाली दाबून तो असा पीळ घालायचा की नवरदेव वरातीत घामाघूम होईपर्यंत नाचला तरी फेटा जागचा हलत नसे.

आणि आंबरवाडीच्या फेट्याला एक जुनी रीत चिकटलेली होती. फेटा बांधताना खोलीत दोघंच. बांधणारा विचारतो, "बोल, मनात काय हाय?" ज्याच्या डोक्याला कापड लागलंय त्याने खरं तेच बोलायचं. मग अक्षता पडायच्या आधी बांधणारा मांडवात उभा राहून ते सगळ्यांना सांगतो, आणि एकदा सांगितलं की तो शब्द झाला. शब्द मोडला तर गाव जन्मभर सोडत नाही. गावातल्या राजूने आपल्या लग्नात फेट्याखाली गुटखा सोडतो म्हटलं होतं. आज त्याची दोन पोरं शाळेत जातात, पण हातात पुडी दिसली की लीलाबाई अजून टपरीवरून त्याच्या नावाने ओरडते. कुशाबा गावातल्या बाकी सगळ्या रीतींना अंधश्रद्धा म्हणायचा, हिला नाही. का नाही, असं विचारलं की तो पेपरात डोकं घालायचा.

सरकारातल्या कोणाच्या डोक्याला मात्र त्याने आजवर हात लावला नव्हता. त्याचा तसा पणच होता.

यंदा गोष्ट गायरानावर आली. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी गायरान आहे. धुळा आणि तुकाबाई हे धनगर जोडपं तिथं मेंढरं चारतं, त्यांच्या आधी धुळाचा बाप चारायचा. सरकारने ती जमीन एका संस्थेला नव्व्याण्णव वर्षांसाठी देऊन टाकली. तिथे भव्य परंपरा केंद्र व्हायचं होतं, आणि केंद्राला साठ एसी खोल्या. "परंपरेला येवढं उकडतंय कशानं?" असं कुशाबाने ग्रामसभेत विचारलं. लोक पोट धरून हसले आणि ठराव मंजूर करून घरी गेले.

धुळा हसला नाही. सभा पांगल्यावर तो कुशाबाजवळ आला.

"आबा, गायरान गेलं तर मेंढरं इकावी लागत्यात. येपारी बघून बी गेलाय. मग मारुंजीच्या सोसायटीत शिट्टी घिऊन गेटावर बसायचं." बोलता बोलता त्याने घोंगडीच्या टोकाने डोळे पुसले. डोंगरात लांडग्यामागे काठी घेऊन धावणारा माणूस, त्याला असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. "तुमी येवढं बोलताया. ज्येंनी केलंय त्येंच्या कानावर घाला की एकदा."

"घालतो," कुशाबा म्हणाला. म्हणाला खरं, पण कुठल्या कानावर? आतापर्यंत त्याचं बोलणं फार तर चहा पिणाऱ्यांच्या कानावर गेलं होतं. टपरीवर बसून मंत्रालय चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार. हे त्याला इतरांनी पुष्कळदा ऐकवलं होतं, बोचलं मात्र त्या दिवशी.

भूमिपूजनाची तारीख ठरली आणि सरपंच शेखर दारात आला. शेखर कुठल्या पक्षाचा हे त्याला स्वतःलाही सकाळचा पेपर वाचल्यावरच कळायचं.

"आबा, तिनी पक्षांचे नेते येत्यात. मंत्री अण्णासायेब, आमदार बापूसायेब आन महामंडळाचे तात्यासायेब. वरनं निरोप हाय, सत्कार अगदी पारंपरिक पद्धतीनं झाला पायजे. फेटे तुमच्याच हातचे."

"त्येंच्या डोक्याला मी फडकं बी बांधणार न्हाई."

"आन तिघांचा तुरा सारख्याच उंचीचा पायजे, आबा. एक बोट कमीजास्त झालं तर सरकार पडंल."

"मग तर एक बोट..." कुशाबाचे डोळे चमकले. पण तेवढ्यात आतून सगुणाबाईचा आवाज आला.

"शेखर, येत्यात म्हणून सांग!"

शेखर गेल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली. "अवो, ग्रामसभेत तुमाला दोन मिंटं माईक देत न्हाईत. हितं मंत्र्याचं डोकं तुमच्या हातात येतंय. अर्धा फेटा सोडून त्यो उठून जाणार हाय व्हय?"

कुशाबा फेट्याचं कापड शोधायला उठला. एवढ्या वर्षांच्या चळवळीत ही युक्ती कोणाला सुचली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरला, ऊन चढलं, पण पाहुण्यांचा पत्ता नाही. मोठा माणूस शेवटी येतो हा नियम, आणि इथे तिघेही मोठे. अण्णासाहेबांची गाडी पिरंगुटच्या चौकात थांबली होती, बापूसाहेबांची पेट्रोल पंपावर, तात्यासाहेब ओळखीच्या एका घरी चहावर चहा पीत होते, आणि तिघांची माणसं फोन करून बाकीच्या दोघांचा ठावठिकाणा काढत होती. अखेर शेखरने तिघांनाही ठोकून दिलं की बाकीचे दोघं पोचले. मग तिन्ही ताफे एकदमच गावात शिरले आणि वेशीत अडकले. कोण मागे घेणार यावर आणखी थोडा वेळ गेला.

पाहुण्यांची सोय शाळेत होती. पट कमी म्हणून ती शाळा सरकारने गेल्या वर्षी बंद केली होती, त्यामुळे खोल्या रिकाम्याच होत्या. खोल्या तीन, नेते तीन. तिघांना एकत्र बसवायची कोणाची छाती नव्हती.

मंत्री अण्णासाहेब पहिलीच्या वर्गात फळ्याखाली बसले होते. कुशाबाने त्यांच्या माणसांना रीत सांगून बाहेर काढलं, दार लावलं आणि कापडाचं टोक धरलं. भाषण त्याने पाठ केलं होतं. गायरान म्हणजे काय, ते कोणाचं, सरकार त्याचं मालक नसून राखणदार कसं, असं सगळं. पण पहिला वेढा घातला आणि सवयीने तोंडातून भलतंच निघून गेलं.

"बोला सायेब, मनात काय हाय?"

"म्हणजे?"

"रीत हाय आमची. फेट्याखाली खरं बोलायचं. गायरान कशापायी दिलं, त्येवढं सांगा."

अण्णासाहेबांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मान हलवायची सोय नव्हती. बऱ्याच दिवसांत त्यांना मनातलं कोणी विचारलं नसावं, कारण ते एकदम सुरूच झाले.

"आबा, खरं सांगू? हे माझ्या मनाविरुद्ध झालंय. संस्था त्या तात्याच्या मेव्हण्याची. युतीधर्म म्हणून मी गप्प. अहो, कसलं सरकार घेऊन बसलात! एक खाऊन बसलाय, एक रुसून बसलाय, आणि शिव्या सगळ्या मला."

कुशाबा पुढचा वेढा घालायचा विसरला. जे भाषण तो करणार होता ते समोरचाच करत होता, आणि बरं करत होता.

शेजारच्या खोलीत आमदार बापूसाहेब. त्यांना तर विचारावंही लागलं नाही, कापड कपाळाला लागताच ते बोलायला लागले. "त्या अण्णांचं नाव काढू नका माझ्यापुढे. गायरानासाठी माझं शिफारसपत्र मागितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. अण्णांचा फोन आला, पत्र दे नाहीतर निधी विसर. अहो, गायरान म्हणजे गावाची आई, आई कोणी भाड्याने देतं का? हे सरकार शेतकऱ्याचं नाही, धनगराचं नाही, कोणाचंच नाही!"

हे शेवटचं वाक्य कुशाबाचं होतं. टपरीवर त्याने ते कितीदा म्हटलं असेल. आमदाराच्या तोंडून ते ऐकताना आपलं धोतर दुसराच कोणी नेसून समोर उभा राहिल्यासारखं त्याला वाटलं.

राहिले तात्यासाहेब. मेव्हणा त्यांचाच, म्हणजे इथे तरी भांडण होईल या आशेने कुशाबाने पीळ जरा कडकच घातला.

"आबा, थोडं सैल करा."

"खरं बोला, आपसूक सैल हुईल. मेव्हण्यासाठी गायरान खाल्लंत का न्हाई?"

"मेव्हणा माझा, पण आमचं बोलणं नाही!" तात्यासाहेब कळवळले. "मला अडकवायला या दोघांनी मुद्दाम त्याच्या घशात जमीन घातली. उद्या चौकशी लागली की नाव माझं येणार. मला विचाराल तर ही जमीन आजच्या आज परत घ्यावी."

कुशाबाने तिन्ही तुरे वितीने मोजले, सारखे केले आणि शाळेच्या पायरीवर येऊन बसला. सरकारातल्या एकालाही हे नको होतं, तरी सरकारने ते केलं होतं. ज्याच्याशी जन्मभर झुंज घेतली तो गडी आतून एवढा पोकळ निघावा, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की सवयीने का होईना, आपण प्रश्न विचारलाय. उत्तर मिळालंय. आता रीतीप्रमाणे ते मांडवात सांगायला हवं.

मांडवाभोवती पोलीस होते. डाव्या मंडळींना वठणीवर आणायचा नवा कायदा आल्यापासून त्याचा आवाज चढला की सगुणाबाई खिडकी लावून घ्यायची. टपरीवर वाघ होणं सोपं असतं. इथे तो पायरीवरून उठेना, आणि मांडवाच्या अगदी मागे, खांद्यावर घोंगडी टाकून धुळा त्याच्याकडेच बघत उभा होता.

स्टेजवर अण्णासाहेब रंगात आले होते. "ज्या समाजाने परंपरा सोडली तो समाज संपला! आंबरवाडीची एकेक रीत जपली पाहिजे, हीच आमच्या सरकारची भूमिका आहे!" टाळ्या पडल्या. त्यांनी नारळ हातात घेतला. खाली पहिल्या रांगेत तात्यासाहेबांचा मेव्हणा फीत बांधलेली कुदळ घेऊन तयार होता.

"अवो मंत्रीसायेब, थांबा!" बायकांतून लीलाबाई उठली. "नारळ फोडायच्या आदी कुशाबाला शब्द सांगू द्या. रीत हाय आमची!"

"शब्द! शब्द!" मांडव ओरडायला लागला. लग्नात ओरडतात तसाच, कोणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. शेखरला रीत आत्ता आठवली आणि तो खुर्चीत खचला.

अण्णासाहेब कौतुकाने हसले. "रीत आहे ना? मग पाळलीच पाहिजे. या आबा, बोला." आणि त्यांनी आपल्या हाताने कुशाबाला माईक दिला.

सरकारने आपणहून माईक द्यायची ही कुशाबाच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. बोलायचं तर रामायण होतं, पण तो थोडक्यातच बोलला.

"तिनी सायबांनी फेट्याखाली शब्द दिलाय. अण्णासायेब म्हणलं, गायरान देणं त्येंच्या मनाविरुद्ध हाय. बापूसायेब म्हणलं, गायरान गावाची आई हाय, आई भाड्यानं देत न्हाईत. तात्यासायेब म्हणलं, जमीन आजच्या आज परत घ्यावी. त्यो शब्द म्या गावाला सांगितला."

कोण कोणाला काय म्हणालं ते त्याने गिळलं. रीत शब्द सांगायची आहे, चहाड्या सांगायची नाही.

पोरांचे फोन वर झाले. स्टेजवरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि तिघेही ती वेगवेगळे लढणार होते. समोर गाव होतं. गायरान द्या असं आता जो म्हणेल तो एकटा पडणार होता. हा हिशोब अण्णासाहेबांना सगळ्यांत आधी जमला, म्हणून तर ते मंत्री होते.

"होय!" त्यांनी माईक हिसकावला. "दिलाय मी शब्द! हा प्रकल्प रद्द! आणि पहिला विरोध माझा होता!"

"साफ खोटं!" बापूसाहेब उठले. "पहिला विरोध माझा! पत्र द्यायला मीच नाही म्हणालो होतो!"

"अरे, सख्ख्या मेव्हण्याच्या विरोधात उभा राहिलोय मी!" तात्यासाहेबांनी छाती पिटली. "माझ्याएवढा त्याग कोणाचा?"

बिचारा मेव्हणा कुदळ घेऊन तसाच उभा होता. नारळ आणलाच होता म्हणून तिघांनी मिळून तो फोडला, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. गावाने मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. धुळा मागच्या मागे पळत सुटला, तो तुकाबाईला सांगायला.

पुढच्याच आठवड्यात रद्द झाल्याचा आदेश निघाला आणि पौड रस्त्यावर तीन मोठे फ्लेक्स लागले. "गायरानाचे रक्षक" अण्णासाहेब, "गायरानाचे रक्षक" बापूसाहेब, आणि पंपासमोर तात्यासाहेब, डोळे पुसताना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो एकच असतो, इथे तीन होते. कुशाबाने तिन्ही फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचले. कामाचं श्रेय मागायचं नसतं हे त्यानेच युनियनच्या पोरांना शिकवलं होतं. तरी एखाद्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव असायला हरकत नव्हती, असं त्याला वाटलं. वाटलं आणि लाजही वाटली.

घरी न जाता तो तसाच गायरानावर चढला. मेंढरं उतारभर पसरली होती. धुळाने व्यापाऱ्याला वाटेला लावलं होतं आणि आता तो दगडावर बसून मोठमोठ्याने हसत होता. तुकाबाईने तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. हे बघून कुशाबाचं मन निवलं. काही झालं तरी मेंढरं चरत होती.

"आबा, औंदा आमचं मत ठरलं," धुळा म्हणाला.

"कुनाला?" कुशाबा सावरून बसला.

"त्येंनाच की, तिघांला. बा धरून घरात तीन मतं हायती. येकेक वाटून टाकू. उगं कुनी नाराज नको."

कुशाबा ताडकन उठला. "आरं, गायरान दिलं कुनी व्हतं? त्येंनीच! चोरानं आपलंच पातेलं परत आणून दिलं म्हणून त्येला घराची किल्ली देतोस व्हय रं?" आणि मग जे पाठ केलेलं भाषण शाळेच्या खोलीत राहून गेलं होतं, ते सगळं डोंगरावर झालं. कामगारांचे तास झाले, बंद शाळा झाली, कायदा झाला, साठ एसी खोल्या झाल्या. धुळा खाली मान घालून काडीने माती उकरत राहिला. कुशाबाला दम लागला तेव्हा तुकाबाईने त्याच्या हातात कप दिला.

"आबा, तुमचं समदं पटतंया. म्या लगीन करून हितं आले तवापास्नं पटतंया." ती त्याच्यासमोरच बसली. "मग मला येवढंच सांगा, बटन कुटलं दाबू?"

"म्हंजी?"

"मशिनीवर ह्येंची निशाणी असती, त्येंची असती. तुमची कुटली? म्या दर बारीला बघते. वरपास्नं खालपातूर समदी बघते. तुमी त्यात कुटंच नसता."

कुशाबाकडे याची उत्तरं होती. परिस्थिती अजून पिकलेली नाही, निवडणूक हा पैशाचा खेळ आहे, संघटना आधी आणि सत्ता नंतर. एकेक उत्तर त्याच्या जिभेवर आलं आणि तुकाबाईच्या तोंडाकडे बघून परत गेलं. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"म्या उभा ऱ्हायलो," तो कप खाली ठेवत म्हणाला, "तर दाबशील?"

तुकाबाईने खाली घसरत चाललेल्या मेंढरांना हाळी घातली आणि पदर खोचून उठली.

"त्ये मग बघू," ती म्हणाली. "आदी मशिनीवर दिसा तरी."